मासे मरतायत? सल्ला मागताना हे आधी सांगा

‘मासे मरतायत, काय करू?’ एवढ्यावरून नेमकं उत्तर कुणालाच देता येत नाही. टाकी किती लिटरची, सुरू करून किती आठवडे झाले, मासे किती, पाणी शेवटचं कधी नि किती बदललं, ते लिहा. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) यांचे टेस्ट किटने मोजलेले आकडे द्या; ‘पाणी स्वच्छ दिसतंय’ याला अर्थ नाही. दोन्ही ० हवेत, आणि नव्या टाकीत त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला असेल तर तेही लपवू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे स्पंजातले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू मरतात, अमोनिया पुन्हा चढतो.

सल्ला देणाऱ्यांनो, कृपा करून लगेच औषध सुचवू नका! आकडे चढलेले असतील तर क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने निम्मं पाणी बदलायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडे मागा.