ट्रॅक डे डॉक्युमेंट्री: शूट उरकलं, आता त्या ५६ फ्रेमचं करायचं काय

मागच्या अपडेटमध्ये नुसती परवानग्यांची रड होती. आता शूट झालंय, सगळं फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी झालंय आणि टाइमलाइनवर कापाकापी सुरू आहे. नवीन लोकांसाठी थोडक्यात, आमची स्टुडंट डॉक्युमेंट्री मोटर रेसिंगवर आहे पण रेसवर नाही, ट्रॅक डेवर आहे, म्हणजे साधी नोकरीधंदा करणारी माणसं आपापली गाडी घेऊन सर्किटवर येतात, फी भरतात, हेल्मेट घालतात, सकाळचं ब्रीफिंग ऐकतात आणि मग वीस-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये गाडी पळवतात.

यात पहिली अडचण गोष्टीची. ट्रॅक डेला कोणी जिंकत नाही ना. बऱ्याच ठिकाणी लॅप टाइम मोजायलाच बंदी असते, ओव्हरटेक फक्त ठरलेल्या स्ट्रेटवर (सरळ पट्ट्यावर) आणि तेही पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने 'जा' म्हटल्यावरच. गाइड सरांनी आउटलाइन वाचून पहिला प्रश्न विचारला, मग क्लायमॅक्स कुठेय? बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी ठरलं की पूर्ण सर्किटचा नाद सोडायचा, एकच कॉर्नर घ्यायचा. लांब स्ट्रेट संपते, १५०, १००, ५० असे मीटरचे आकडे लिहिलेले बोर्ड येतात आणि मग उजवीकडे वळण. सगळ्या ड्रायव्हरना एकच प्रश्न, ब्रेक कुठे मारता? आणि मग खरंच कुठे मारतात ते शूट करायचं.

शूटच्या आधी एका मित्राने वहीवर गणित मांडलं आणि आम्ही जरा गारच पडलो. गाडी ताशी १६० वर असेल तर सेकंदाला ४४ मीटर जाते. तिथून ८० पर्यंत वेग आणायचा आणि टायर १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकी पकड देतायत असं धरलं तर लागतात साधारण ७५ मीटर आणि सव्वादोन सेकंद. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर जेमतेम ५६ फ्रेम. आमच्या फिल्मचा अख्खा हिरो ५६ फ्रेमचा! आणि तेवढ्यात गाडीची तीन चतुर्थांश गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, कारण वेग निम्मा झाला की ऊर्जा पाव होते. वेग दाखवणाऱ्या फिल्म ढीगभर आहेत हो, पण मला विचाराल तर माणसाचं डोकं कसं चालतं ते या सव्वादोन सेकंदांत जास्त दिसतं, स्ट्रेटवर तर काय, पाय दाबून ठेवायचा.

कॅमेरे दोन लावले आणि दोघांची सेटिंग एकदम उलटी. पहिला लांब लेन्सवाला, कॉर्नरच्या आतल्या बाजूला, बॅरियरच्या मागे (बाहेरच्या बाजूला उभं राहायला मार्शलनी, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षा बघणाऱ्यांनी, साफ नाही सांगितलं आणि बरोबरच आहे, गाडी सुटली की तिकडेच येते). तो ५० एफपीएस (सेकंदाला ५० फ्रेम), शटर १/१०० सेकंद, म्हणजे चाकं आणि मागचा रस्ता छान पुसट येतो आणि वेग जाणवतो. आता भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला १/१०० शटर म्हणजे अॅपर्चर (लेन्सचं तोंड) बारीक, एफ/१६, आम्हाला हवं होतं जास्त उघडं, एफ/४, म्हणजे तिथेच चार स्टॉप कापायचे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), वर लॉग प्रोफाइलचा (नंतर रंग सुधारायला सोप्या फिक्या चित्राचा) बेस आयएसओ ८०० म्हणजे आणखी तीन स्टॉप, एकूण सात, म्हणून एनडी १२८, म्हणजे १२८ पट प्रकाश कमी करणारा काळा फिल्टर. एफ/४ चा हट्ट समोरच्या जाळीमुळे होता. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवून, अॅपर्चर उघडं ठेवून लांबचं फोकस केलं की जाळी गायब होते, फक्त कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो आणि तो ग्रेडमध्ये (नंतर रंग सुधारताना) परत आणता येतो.

दुसरा कॅमेरा दिसायला अगदी बोअर शॉट देणारा, पण माझा लाडका. १०० च्या बोर्डाच्या बरोबर काटकोनात, ट्रायपॉडवर लॉक, ५० एफपीएस आणि शटर १/१०००. याचं काम एकच, ब्रेक लाइट कुठे लागली ते पकडायचं. ५० एफपीएसला दोन फ्रेममध्ये गाडी ९० सेंटिमीटरच्या आसपास पुढे जाते, म्हणजे मीटरभराच्या अचूकतेने सांगता येतं. हे लांब लेन्सवाल्या कॅमेऱ्यातून जमत नाही कारण त्यात तिन्ही बोर्ड एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, गाडी नक्की कुठल्या बोर्डाशी आहे काही कळत नाही.

दुपारी लांब लेन्सचे शॉट जवळपास सगळे गेले. डांबर तापलं की वरची हवा थरथरते आणि गाडी पाण्यातून येतेय असं दिसतं, त्याला कुठलंही सेटिंग नाही, सकाळी लवकर शूट करा किंवा जवळ जा. आम्ही तो वेळ पिटलेनमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, घालवला. आणि पॅनिंग करणाऱ्यांनी आपल्या कॅमेऱ्याचा रोलिंग शटर आधी तपासून ठेवा, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो त्यामुळे जोरात पॅन केलं की गाडी सरळ राहते पण मागचे खांब कललेले दिसतात. थोडे कललेले खांब मला चालतात, वेगाचा भाग वाटतात, एडिटर मैत्रिणीला अजिबात चालत नाहीत, त्यावर आमची भांडणं चालू आहेत.

गाडीच्या आतला कॅमेरा. आयोजकांनी माउंट स्वतः हलवून तपासला, सक्शन कपला वेगळी दोरी बांधायला लावली आणि गाडीच्या बाहेर काहीही लावू दिलं नाही. ते ठीकच, एवढासा कॅमेरा त्या वेगाला सुटला तर मागच्याची काच फोडेल. आत लावताना एक गोष्ट कामाची निघाली, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. कॅमेऱ्यातल्या जायरोला (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला) गाडीचं वळणं कळतं आणि तो ते भरून काढायला बघतो, पण कॅमेरा तर गाडीलाच चिकटलाय, त्यामुळे स्टेअरिंग आणि डॅशबोर्डच फ्रेममध्ये पोहायला लागतात. बंद केलं की थरथर येते, येऊ द्या, ती खरी आहे. (सहज आठवलं, १९७० च्या ल माँ २४ तासांच्या रेसमध्ये स्टीव्ह मॅक्वीनच्या सिनेमासाठी एक पोर्शे ९०८ कॅमेरे बसवून खऱ्या रेसमध्ये उतरवली होती आणि ती मधेमधे फिल्मची रिळं बदलायला थांबायची. आम्ही मेमरी कार्डाच्या नावाने कुरकुरतो.)

आता साउंड, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. साउंडवाल्याने एक रेकॉर्डर ब्रेकिंग बोर्डांच्या जवळ बॅरियरमागे ठेवला, माइकला केसाळ विंडशील्ड, आणि ३२ बिट फ्लोट, म्हणजे गाडी अंगावरून गेल्यासारखा आवाज आला तरी रेकॉर्डिंग फाटत नाही, गेन नंतर खाली घेता येतो, फक्त माइकची स्वतःची सहनशक्ती संपली तर मग काही करता येत नाही. लांब लेन्सवाला कॅमेरा तिथून साधारण १७० मीटरवर. एडिटला बसल्यावर सॉफ्टवेअरला सांगितलं दोन्ही आवाजांचे वेव्हफॉर्म (आलेख) जुळवून सिंक कर, त्याने मस्त केलं, आणि बघतो तर प्रत्येक शॉटमध्ये ब्रेकचा चित्कार उशिरा. सॉफ्टवेअरचं काही चुकलेलंच नव्हतं. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, १७० मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकला तो अर्धा सेकंद उशिराच ऐकू आला, आणि सॉफ्टवेअरने जवळच्या रेकॉर्डरचा वेळेवर आलेला आवाज त्या उशिराच्या आवाजाला नेऊन चिकटवला. मैदानात उभं असताना हे खटकत नाही, डोळ्यालाही गाडी लांबच दिसत असते. पण लांब लेन्स बघणाऱ्याला गाडीच्या नाकाशी नेऊन बसवते आणि मग तो अर्धा सेकंद सहन होत नाही. बरं तर बरं, सकाळी सगळ्यांचे टाइमकोड (रेकॉर्डिंगवर पडणारी घड्याळाची वेळ) जुळवून घेतले होते, आता वेव्हफॉर्म सोडून त्यावरच सिंक करतोय.

त्याच रेकॉर्डरवर गाडी पुढून निघून जातानाचा आवाज ऐकण्यासारखा आलाय. डॉप्लरमुळे येताना सूर चढा, जाताना उतरलेला, १६० च्या वेगाला हे अंतर सा पासून ग आणि म च्या मधे कुठेतरी पडतं. साउंडवाला तबला शिकलेला आहे, तो दिवसभर हेडफोन लावून खुशीत होता. सकाळच्या नॉइज टेस्टलाही त्याने हात धुवून घेतले, गाडी उभी, इंजिन एका ठरलेल्या आरपीएमवर धरलेलं, एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशात मीटर, इतकं स्वच्छ इंजिन पूर्ण दिवसात परत मिळत नाही, त्यामुळे मार्शलना विचारून आपला माइक शेजारी धरा.

आणि आता मुख्य गोष्ट, माणसं. आमच्याकडे माझ्दा एमएक्स-५ चालवणाऱ्या एक ताई आहेत, जुनी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आणणारे एक काका आहेत आणि एक इन्स्ट्रक्टर आहेत. ताईंना विचारलं, ताई, ब्रेक कुठे मारता? त्या म्हणाल्या, "१०० च्या बोर्डाला. बोर्ड दिसला की नाही हं, बोर्ड खांद्याशी आला की." काका म्हणाले, "१०० च्या थोडं पुढे जाऊनच." दोघंही अगदी खात्रीने. काटकोनातल्या कॅमेऱ्यात ताईंची ब्रेक लाइट जवळपास प्रत्येक लॅपला बोर्डाच्या बऱ्याच आधी लागलेली आहे. काकांची तर काही लॅपला गाडी फ्रेममध्ये येण्याच्याही आधी.

हे बघून आम्ही आधी हसलो आणि मग इन्स्ट्रक्टरना दाखवलं. ते म्हणाले घाई करू नका, लाइट पेडलला पाय लागला की लागते, खरं ब्रेकिंग गाडीचं नाक बुडतं तिथे सुरू होतं. परत बघितलं तर खरंच, काकांचा पाय आधी नुसता पेडलवर टेकतो, नाक बुडतं ते बरंच नंतर. दुपारच्या एका सेशनमध्ये त्यांचं पेडल एकदम मऊ पडलं होतं. ब्रेक फ्लुइड पाणी शोषतो, डॉट ४ चा उकळबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी मुरलेला असताना किमान १५५, म्हणजे जुना फ्लुइड ट्रॅकवर सहज उकळतो, वाफ होते, पेडल खाली जातं. तेव्हापासून काका आधी पेडल चाचपून बघायचे, आहे ना रे बाबा म्हणून. नुसत्या लाइटवर फिल्म कापली असती तर त्यांचा घाबरटपणा म्हणून दिसलं असतं, आता पेडल गेलेल्या माणसाची गोष्ट दिसते. ताईंचं वेगळं आहे, त्यांचं नाक लाइटबरोबरच बुडतं, त्या खरंच आधी ब्रेक मारतात आणि त्यांना खरंच वाटतं की बोर्डाला मारला.

ताईंना क्लिप दाखवायची की नाही यावर टीममध्ये दोन तट पडले होते. माझं म्हणणं होतं की दाखवायचीच, आणि कॅमेरा चालू ठेवून, पण आधी विचारून. मधे लाल झेंडा लागला, म्हणजे सेशन थांबलं, कोणाचीतरी गाडी ट्रॅकबाहेरच्या ग्रॅव्हलमध्ये (खडीत) जाऊन बसली होती, सगळे हळूहळू पिटमध्ये परत आले आणि मोकळा वेळ मिळाला. ताई हेल्मेट मांडीवर घेऊन लॅपटॉपवर बघत होत्या, परत लावायला सांगितलं, मग परत, आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडे अजून पंधरा-वीस मीटर आहेत?" इन्स्ट्रक्टर मागून म्हणाले आहेत, पण आज वापरू नका, आधी ब्रेक सोडायला शिका, वळताना पेडल एकदम सोडलं की पुढच्या टायरवरचं वजन उडतं आणि गाडी वळायचं विसरते. सरांना हवा असलेला क्लायमॅक्स बहुतेक हाच आहे. पुढच्या सेशनमध्ये त्यांनी ब्रेक तिथेच मारला, जुन्याच जागी, पण सोडला खूप हळू, आणि आतल्या कॅमेऱ्यात स्टेअरिंगवरचे हात पहिल्यांदा शांत दिसतायत.

आता कट कुठे आलाय तर पहिले सात-आठ मिनिटं लागलीत, इंटरव्ह्यू लॉग झालेत, नंबर प्लेट ब्लर करायचं काम बाकी आहे (मागून जाणाऱ्या गाड्यांचं पण करावं लागतं, कंटाळवाणं आहे). ते सव्वादोन सेकंद पडद्यावर कसे ताणायचे हे अजून ठरत नाहीये. ५० एफपीएस निम्म्या वेगाने लावलं तर साडेचार सेकंद होतात, पण आवाज निम्म्या वेगाने लावला की गुरगुराट होतो, त्यामुळे एक पर्याय म्हणजे चित्र स्लो आणि आवाज आतल्या कॅमेऱ्याचा खऱ्या वेगाने, दोनदा. एडिटर म्हणते स्लो मोशन अजिबात नको, तेच ५६ फ्रेम तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरचे एकामागोमाग लाव, लोकांना फरक आपोआप कळेल. या आठवड्यात दोन्ही व्हर्जन काढतोय. कोणी असं ब्रेकिंग एडिट केलं असेल तर आवाजाचं काय केलं ते नक्की सांगा, चित्राचं आम्ही भांडून ठरवू.