माझ्या पाटीवर ‘स्पेशालिस्ट’ का नाही

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. याआधी हाच प्रश्न आला तेव्हा मी विषय बदलला होता. मेलबर्नमध्ये इतकी वर्षे जुनाट वेदनेच्याच रुग्णांवर काम करूनही माझ्या पाटीवर नुसते ‘ऑस्टिओपॅथ’, म्हणजे हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करणारी, एवढेच का?

कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. ऑस्ट्रेलियात २०१० पासून चालत आलेल्या आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय नोंदणीत विशेषज्ञ म्हणून वेगळी नोंद होते ती वैद्यक, दंतवैद्यक आणि पोडायट्री (पावलांच्या विकारांवरचे उपचार) या व्यवसायांत. ऑस्टिओपॅथीची एकही विशेष शाखा मान्य नाही आणि नोंद नसताना तशी असल्याचे भासवणे हा गुन्हा आहे. परंतु मी गप्प राहते ते केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे.

पूर्वी मी ज्या क्लिनिकमध्ये होते, तिथल्या माहितीपत्रकात माझ्या नावापुढे ‘पेन स्पेशालिस्ट’ असे छापले गेले. ते मी पहिल्याच दिवशी वाचले होते. हरकत घेतली नाही. खरे सांगायचे तर सुखावले. काही महिन्यांनी मूळच्या साताऱ्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई कंबरदुखी घेऊन आल्या. वेदनाशामक गोळ्यांचे प्रमाण बरेच वाढलेले होते. तिसऱ्या भेटीत त्या सहज म्हणाल्या, “मॅडम, हॉस्पिटलच्या पेन क्लिनिकची तारीख आली होती, ती मी रद्द केली. स्पेशालिस्ट तुम्ही आहातच की.” तिथे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसून त्यांच्या गोळ्या हळूहळू कमी करणार होते. मला औषध लिहून देण्याचा अधिकारच नाही. मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग त्या कागदावर का लिहिलंय?” त्यांना पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले.

पत्रक मी छापले नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे.

तरीही माझे शिक्षण खोटे नव्हते. पाच वर्षांच्या पदवीनंतर मी वेदनेचे विज्ञान शिकले, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण हाताळले. आमची व्यावसायिक संघटना अशा प्रगत कौशल्याला मान्यता देते, पण सार्वजनिक नोंदणीच्या यादीत मी आणि काल पदवी घेतलेली मुलगी अगदी सारख्याच दिसतो. मग फॅमिली डॉक्टरांनी रुग्ण कुणाकडे पाठवावा? पत्रक वाचून सुखावलेली ती तेव्हाची मी अजूनही विचारते: योग्य माणूस सापडायला रुग्णाला एखादा शब्द तर हवाच ना? तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. फक्त तो शब्द ठरवण्याचा अधिकार माझा किंवा मला नोकरीवर ठेवणाऱ्याचा नसावा, एवढे मी तिला सांगते आणि तिला ते पुरेसे वाटत नाही.