डोळे मिटून बसल्याने काय होतं

हवामानाच्या कामासाठी सुनावण्यांना खेटे घालणारी माझी ताई फोन ठेवता ठेवता बोलून गेली, "तू बस डोळे मिटून. त्याने हवेतला कार्बन कमी झाला तर मला कळव." चिडून नाही बोलली, दमलेल्या आवाजात बोलली. तिला आता आठवतही नसेल. माझ्या मनातून मात्र ते वाक्य हलत नाही.

सकाळी ध्यानाला बसले तेव्हाही तेच. आनापानात दुसरं काही करायचं नसतं, येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. आज श्वास बघताना आकडेच समोर येत राहिले. मी आत घेतेय त्या हवेत दर दहा लाख भागांमागे ४२०हून जास्त भाग कार्बन डायऑक्साइड आहे. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५च्या आसपास होते. अडीच हजार वर्षांपूर्वी लोक ही साधना शिकत होते तेव्हा २८०च्या आसपास. म्हणजे बुद्धाने ज्या हवेत श्वास घेतला ती हवा आता पृथ्वीवर कुठेच नाही. एवढं डोक्यात आलं आणि पुढे बसवलं नाही. उठले.

इतकं का लागावं? ताईचं म्हणणं तर बरोबरच आहे. माझ्या बसण्याने हवेत काडीचा फरक पडत नाही. २०२० मध्ये जगातली कितीतरी माणसं घरात कोंडली गेली होती, विमानं जमिनीवर होती, रस्ते ओस होते. तरी त्या वर्षी जगाचं कार्बन उत्सर्जन घटलं ते जेमतेम पाच-सहा टक्के. बाकीचं चालूच राहिलं, कारण कोळशावरची वीज, सिमेंटच्या भट्ट्या, पोलाद हे कुणा एकाच्या सवयीने चालत किंवा थांबत नाही. हवेतलं प्रमाण त्याही वर्षी वाढलंच. माणसं स्वखुशीने त्याहून जास्त काय आवरतं घेणार? आणि ज्याने त्याने आपापला कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोजावं, ही कल्पना २००४च्या सुमाराला घरोघरी पोचवली ती बीपी या तेल कंपनीने, जाहिरातींमधून. हे मला आठवलं की अजूनही संताप येतो.

उलट ओझोनचं बघा. थराला भोक पडल्याचं १९८५ मध्ये समोर आलं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, थराला पोखरणारे, फ्रीजमध्ये वापरले जाणारे सीएफसी वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले, थर हळूहळू भरून येतोय. त्यासाठी कुणाला अंतर्मुख व्हावं लागलं नाही. फ्रीज घराघरांत राहिले, त्यातला वायू तेवढा कायद्याने बदलला.

हे सगळं मान्य करून झालं तरी बोच आहे तिथेच आहे. ताईला वाटतं मी बरं वाटावं म्हणून बसते. असं तिला वाटावं याचंच फार वाईट वाटतं. ती माझी ताई आहे, तिला तरी कळायला हवं होतं. मधली ती वर्षं तिने बघितलीत. तेव्हा उष्णतेच्या लाटेची बातमी आली की मी पहिल्या दोन ओळींवरच थांबायचे. जबडा आवळला जायचा, पोटात गोळा यायचा, आणि मी पान उलटायचे. बाबा गेले त्या उन्हाळ्यात तर... ते आज नको.

आता गोळा येतो, पण मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. २०२४ मध्ये जगाचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलं, जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने १.५५ अंश. ते वाचलं, परत वाचलं, आणि मग पुढे काय करता येईल ते शोधायला बसले. बसण्याने मला एवढंच दिलं. हे थोडं आहे का?

क्रिस्तियाना फिगेरेस यांचं उदाहरण ताईला सांगावंसं वाटत होतं. २००९ मध्ये कोपनहेगनची परिषद फसली आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींची धुरा त्यांच्याकडे आली. त्या पदावर असताना वैयक्तिक आयुष्यातही त्या कोसळल्या होत्या. थिक न्यात हान या व्हिएतनामी बौद्ध भिक्षूंच्या शिकवणीने आपल्याला सावरलं, पॅरिस करारापर्यंत ते बळ पुरलं, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय. पण नाही सांगितलं. ताई म्हणाली असती, करार झाला २०१५ला, आणि तापमान? मग मी काय बोलणार होते?

शिवाय एक भीती मलाही आहे. शिबिरात सांगतात, जे आहे ते जसं आहे तसं स्वीकारा. गुडघ्यातली कळ मी स्वीकारीन. १.५५ का स्वीकारू? शांत बसता बसता मी नुसतीच शांत होत गेले तर? नवी कोळसा खाण मंजूर झाल्याचं वाचून माझा श्वास एकसारखाच चालला, तर ते काही साधनेचं यश नव्हे. मला राग हवाय. फक्त तो राग आला की हात कापू नयेत, वाक्य नीट लिहिता यावं.

हे लिहिताना ताईचा आवाज पुन्हा आठवला. किती दमली होती ती. सुनावणीला गेली, पुढची तारीख मिळाली, परत गेली. स्वित्झर्लंडमधल्या काही वयस्क बायका, सरकार हवामानासाठी पुरेसं करत नाही म्हणून, २०१६ मध्ये सरकारकडे गेल्या आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो एप्रिल २०२४ मध्ये. इतकी वर्षं एकेकीने कशाचा आधार घेतला असेल, ते निकालपत्रात नसतं. ताई फोनवर बोलली ते मला उद्देशून नसेलही. तिला झोप लागत नाही हे तिने त्याआधीच सांगितलं होतं, आणि मी तेवढ्यावर थांबून काही विचारलं नाही. शनिवारी तिच्याकडे जाते. बस म्हणून मुळीच सांगणार नाही तिला. स्वयंपाक करीन आणि तिला दुपारभर झोपू देईन.

तिने पाठवलेला हवामान कृती आराखड्याचा मसुदा रात्री वाचायला घेतला. हरकती आणि सूचनांची मुदत संपत आलीय. उत्सर्जन कपातीचं उद्दिष्ट ठळक अक्षरांत छापलंय, पण ही कपात कोणत्या वर्षाच्या तुलनेत मोजायची ते सबंध मसुद्यात कुठेच नाही. त्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, आणि दरवर्षी मोजणी कोण करणार, ती लोकांसमोर कधी ठेवणार, तेही सोडून दिलंय. पहिली हरकत ह्याच मुद्द्यावर लिहितेय. दुसरी मोजणीची. कच्चा मजकूर झाला की ताईला पाठवते, कलमांचे क्रमांक तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात.