प्रश्नचिन्ह, टिंब आणि एक जुनी ओळ

आमच्या प्रॉडक्टमध्ये बिलिंगचे नियम लिहायला एक छोटी अंतर्गत भाषा आहे. तिचा पार्सर, म्हणजे लिहिलेला नियम वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, माझ्या गळ्यात. नियम लिहिणाऱ्यांचं कायमचं रडगाणं म्हणजे नल, म्हणजे जिथे काही किंमतच नाही अशी रिकामी जागा: ग्राहकाच्या पत्त्यातलं शहर वाचायचं तर आधी दोन इफ. शेवटी ठरलं, `?.` आणायचा. डावीकडे नल निघाला की पुढे जायचंच नाही, नल परत द्यायचा. सी-शार्पमध्ये हे २०१५ पासून आहे, जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून, तेव्हा आम्ही काही शोध लावत नव्हतो.

आठवडाभर वाद झाला तो `ग्राहक?.पत्ता.शहर` वर. ग्राहकच नल असेल तर `.शहर`चं काय? कोट्लिनमध्ये तिथेही `?.` लिहावा लागतो, सी-शार्पमध्ये पुढची अख्खी साखळीच सोडून दिली जाते. आम्ही सी-शार्पच्या वाटेने गेलो. पार्सरच्या आधी मजकुराचे टोकन, म्हणजे सुटे तुकडे, पाडणाऱ्या लेक्सरकडे कुणी बघितलंच नाही. एक टोकन तर वाढवायचं!

दुपारी बदल मुख्य कोडमध्ये मर्ज केला, टेस्ट सगळ्या हिरव्या. तासाभरात मेसेज: "जुनी फाइल पार्स होत नाहीये. आम्ही तिला हातही लावलेला नाही."

ओळ अशी होती:

`सवलत = जुना?.५:०`

बराच वेळ नुसता बघत बसलो. स्पेस न देता लिहिलेला टर्नरी (`अट ? हे : नाहीतर ते`), त्यात ०.५ मधला शून्य गाळलेला. लेक्सर जमेल तितकं लांब टोकन उचलतो. काल त्याने `?` आणि `.५` उचललं होतं, आज `?.` आणि `५`. पार्सर बिचारा ५ नावाची प्रॉपर्टी शोधत बसला.

शेजारची सहकारी म्हणाली, "जावास्क्रिप्टवाल्यांनी काय केलंय बघ." त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये सरळ लिहिलंय: `?.` नंतर लगेच अंक आला तर ते टोकन धरायचंच नाही. एक अक्षर पुढे बघायचं, बस. प्रॉपर्टीचं नाव अंकाने सुरू होत नाही, म्हणजे कुणाचं काही जातही नाही.

"आणि तुझं `यादी?[०]`?" तिने विचारलं.

यादी नल नसेल तरच तिच्यातला घटक काढणारं ते रूप पुढच्या आठवड्यात येणार होतं. `नवा?[१]:[२]` असा याद्यांचा टर्नरी कागदावर लिहून बघितला आणि गप्प झालो. इथे एक अक्षर पुढे बघून भागत नाही, पुढे कोलन येतो की नाही तिथपर्यंत थांबावं लागतं. जावास्क्रिप्टचं `?.[` मी डिझाइनच्या चर्चेत कुरूप म्हणून उडवून लावलं होतं. आता तेच घेतलं. अजूनही कुरूपच दिसतं.

जाता जाता ती जुनी ओळ टेस्टमध्ये जशीच्या तशी चिकटवली आणि वर कॉमेंट टाकली: फॉरमॅटर चालवू नका, स्पेस मुद्दाम नाहीत.