पत्रा दिसतो, पण वजन पेलत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर गळकी शेड दुरुस्त करायला माणसं वर चढतात. कडेवरून पडायची भीती सगळ्यांनाच असते, पत्र्यातून खाली जायची नसते. जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ झालेला असतो. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा तर धूळ आणि रंगाखाली ओळखूही येत नाही. ‘बोल्टच्या रांगेवरून चाला, खाली पर्लिन (पत्र्याला आधार देणारी आडवी दांडी) आहे’ हा सल्ला अर्धवटच: पाय घसरला की वजन मधल्या पत्र्यावर येतं. किमान दोन पर्लिनवर टेकणारी, बांधलेली शिडी-फळी हवी, खाली जाळी हवी. हार्नेसचा (अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याचा) हुक पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-बोल्टला अडकवणं निव्वळ दिखावा; तो ट्रसला (छपराच्या मुख्य सांगाड्याला) बांधलेल्या लाइफलाइनलाच, म्हणजे सुरक्षा-दोरालाच लावा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर (पडताना बसणारा धक्का शोषणारा भाग) असलेल्या 1.8 मीटर दोरीला हुकाच्या जागेखाली साधारण 6 मीटर मोकळी जागा लागते. बुटकी शेड असेल, तर दोरीने पडणं थांबायच्या आतच जमीन येते.