चौदा नंबरची वही : नोंद सहावी

मंडळी, पाचवी नोंद लिहून दोन महिने उलटले. मधे बाबा भारतातून आले, मुलीच्या परीक्षा झाल्या आणि सुपर बोलही, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला अंतिम सामनाही, होऊन गेला. वही मात्र चालू होती. आतापर्यंत अकरा सामने मांडून झालेत, बारावा अर्धा आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सॅम डार्नल्ड हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. त्याचे निवडक सामने ऑल-२२ चित्रीकरणावर बघायचे आणि त्याचा प्रत्येक पास वहीत उतरवायचा, एवढाच हा उद्योग. ऑल-२२ म्हणजे मैदानावरचे बावीसही खेळाडू एकदम दिसतील असं उंचावरून घेतलेलं चित्रीकरण. टीव्हीवर चेंडू कुठे गेला ते कळतं, इथे तो तिकडे का गेला ते कळतं. रकाने चार : स्नॅपपासून (खेळ सुरू होताना चेंडू मागे त्याच्या हातात येतो तो क्षण) चेंडू हातातून सुटेपर्यंतचा वेळ, पाय स्थिर की नाचरे, पहिली नजर कुणाकडे, आणि अंगावर कोण आलं. पहिल्या संघात फसलेल्या क्वार्टरबॅकला दुसरीकडे नव्याने बसवून बघण्यात अर्थ असतो का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं होतं. डार्नल्ड चार वेळा संघ बदलून पाचव्या ठिकाणी पोचला आणि पाचही ठिकाणी त्याच्या पाठीवर १४ च आकडा होता, म्हणून वहीचं हे नाव.

आधी एक कबुली. माझं घड्याळ चुकत होतं. फोनवरच्या स्टॉपवॉचने वेळ घेत होतो. सुरू करताना अंगठा जरा उशिरा पडतो, थांबवतानाही तितकाच उशिरा, म्हणजे फिटंफाट, असं मी धरून चाललो होतो. पण जो सॅक (फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला आडवा पाडणं) मला आधीच माहीत आहे, तिथे अंगठा घाईने पडायचा. डार्नल्ड आडवा होणार हे ठाऊक असल्यामुळे मीच त्याला लवकर आडवा करत होतो! आता चित्र थांबवून एकेक चौकट पुढे सरकवत मोजतो. एका सामन्याला दोन संध्याकाळी लागायच्या, आता पाच लागतात. जुने चार सामने पुन्हा मोजले. त्यामुळे आधीच्या नोंदींतले सेकंद धरू नका, पायांचा रकाना तेवढा धरा.

या खेपेला सगळ्यात जास्त वेळ गेला तो २१ ऑक्टोबर २०१९ च्या सामन्यावर. सोमवारची रात्र, ईस्ट रदरफर्ड, जेट्स (डार्नल्डचा पहिला संघ, आणि माझाही) विरुद्ध पॅट्रियट्स. मी स्टेडियममध्ये होतो. ३३-० हरलो. डार्नल्डचे ३२ पैकी ११ पास पूर्ण, ८६ यार्ड, चार इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास. त्याला लावलेल्या माइकवरून 'भुतं दिसतायत' अशा अर्थाचं त्याचं बोलणं थेट प्रक्षेपणात गेलं, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. पुढे वर्षभर त्या वाक्यावरून त्याची टवाळी झाली, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मीही होतो.

आता तोच सामना वरून बघितला. त्या रात्री भुतं खरी होती. पॅट्रियट्स पुन्हा पुन्हा मागे एकही रखवालदार न ठेवता माणसं पुढे आणत होते. याला झीरो ब्लिट्झ म्हणतात. अडवायला सहा जण असतील तर अंगावर सात येतात. एक जण मोकळाच सुटणार हे ठरलेलं. तो सातवा पोचायच्या आत चेंडू सोडायचा, हा एकच उतारा. त्यासाठी स्नॅपच्या आधीच कळायला हवं की मोकळा कोण सुटणार आणि आपला कुठला रिसीव्हर (पास झेलणारा) लगेच वळणार. वहीत त्या रात्रीच्या पायांच्या रकान्यात मी एकच शब्द वारंवार लिहिलाय : 'मागे'. चेंडू हातात आला की डार्नल्ड मागे सरकतो, मागच्याच पायावर भार ठेवून फेकतो, आणि चेंडू तरंगतो. एका ठिकाणी तर अंगावर कुणीच आलेलं नाही, पॉकेट, म्हणजे त्याच्याभोवती राखलेली जागा, साफ आहे, तरी पाय मागे. ती चौकट मी कितीतरी वेळ थांबवून ठेवली होती. येणाऱ्या माणसाची सवय लागली की न येणाराही दिसायला लागतो. सगळा मामला त्या दोन पावलांत आहे.

याच्या मुळाशी गेलो तर २०१८ चा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, लागतो. डार्नल्डसाठी तिसरा क्रमांक मिळावा म्हणून जेट्सनी कोल्ट्सना सहावा क्रमांक दिला आणि वर दुसऱ्या फेरीतले तीन. कोल्ट्सनी त्या सहाव्या क्रमांकावर कोणाला घेतलं? क्वेन्टन नेल्सनला. गार्ड. म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभा राहून अडवणारा, आणि हा त्या पिढीतला सगळ्यात भक्कम. म्हणजे क्वार्टरबॅक घेण्यासाठी आम्ही जी किंमत मोजली, तिच्यातच त्याची भिंत होती. जेट्सचा चाहता म्हणून हे लिहिताना दात दुखतात. त्या वेळी डार्नल्ड २० वर्षांचा होता. व्यावसायिक कारकिर्दीतला त्याचा पहिलाच पास, डेट्रॉइटमध्ये, उजवीकडे पळत असताना मैदान ओलांडून डावीकडे फेकलेला. समोरच्या संघाच्या क्वान्ड्रे डिग्जने तो पकडला आणि थेट टचडाऊन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. तरी तो सामना जेट्सनी ४८-१७ जिंकला आणि आम्ही नाचलो. पाय तेव्हाही बघितले नव्हते.

बाबा शेजारी बसून हे सगळं पाहत होते. त्यांना नियम अजून धड कळत नाहीत. दर वेळी सगळे एकदम का थांबतात, असं विचारतात. पण मी 'नव्याने संधी' म्हणालो तेव्हा हसले. "अरे, बदली झाली म्हणून माणूस सुधारल्याचं आमच्या खात्यात कुणी ऐकलेलं नाही. इथला साहेब तिथे गेला की तिथल्या फायली अडतात." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पण काही वेळा साहेब ठीक असतो, खातंच नासकं असतं." माझ्या अकरा सामन्यांचं सार त्यांनी दोन वाक्यांत काढलं, त्यामुळे थोडा रागच आला.

कारण पहिली बदली खरोखर तशीच गेली. एप्रिल २०२१ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी त्याला घेतलं, बदल्यात तीन ड्राफ्ट क्रमांक दिले, त्यातला एक दुसऱ्या फेरीचा. एकही पास फेकण्याआधी पुढच्या वर्षाचा सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरचा करारही मान्य केला. पहिले तिन्ही सामने जिंकले. तेव्हाचं मला आठवतंय, जेट्सवाले आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो. मग गाडी घसरली. हंगाम संपला तेव्हा ९ टचडाऊन आणि १३ इंटरसेप्शन. त्या वर्षातला एक सामना मांडला. जर्सी निळी-काळी, पाय जेट्सचेच. समोरचे दोघे आले की तो अजूनही मागेच सरकतो. पहिल्या दिवसापासून 'तूच आमचा माणूस' म्हणून उभं केलं, तर जुनी सवय मोडायला वेळ कधी मिळणार?

तिसऱ्या मुक्कामावर, २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, तो ब्रॉक पर्डीच्या मागे, म्हणजे त्याचा राखीव म्हणून बाकावर, बसला. पूर्ण हंगामात सुरुवातीपासून खेळला तो एकच सामना, शेवटचा, रॅम्सविरुद्ध, आणि तोही २१-२० हरले. लिहायला काही नाही म्हणून हे वर्ष मी वगळणार होतो. पण तो एकमेव सामना मांडला आणि तिथे पहिल्यांदा पायांच्या रकान्यात 'मागे' कमी आणि 'जागेवर' जास्त दिसायला लागलं. तिथल्या प्रशिक्षक काइल शॅनहनच्या पद्धतीत पाऊल आणि नजर एकमेकांना बांधलेली असतात : तिसरं पाऊल पडलं की पहिला रिसीव्हर, तो नसेल तर एक छोटी उडी आणि दुसरा. पाय ठरलेले असले की डोक्याला भुतं मोजायला सवड राहत नाही. हे माझं मत आहे. एका सामन्यावरून एवढं बोलू नये हेही कळतं. पण पुढचं सगळं बघितल्यावर मी त्या वर्षाला सगळ्यात वरचा क्रमांक देतो.

२०२४ मध्ये मिनेसोटा, एका वर्षासाठी १ कोटी डॉलर. तिथेही तो खरं तर जागा धरून ठेवायलाच आलेला होता, पण ज्याच्यासाठी ती धरायची त्या जे. जे. मॅकार्थीच्या गुडघ्याला ऑगस्टमध्ये दुखापत झाली आणि याचं नशीब उघडलं. १४ विजय, ४,३१९ यार्ड, ३५ टचडाऊन. केव्हिन ओ'कॉनेलसारखा प्रशिक्षक, बाहेर रिसीव्हर जस्टिन जेफरसन. सगळं छान चाललेलं, आणि मग शेवटी दोन सामने. डेट्रॉइटला ४१ पैकी १८ पास, ३१-९ हार. नंतर प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्स, २७-९ हार, नऊ सॅक. त्या रॅम्सच्या सामन्यात 'मागे' परत आलं. हे मी लपवत नाही. गेल्या नोंदीखाली एकाने मला ऐकवलं होतं की 'तुझा सॅम दबावात तोच जुना', आणि त्या एका रात्रीपुरतं त्याचं बरोबर होतं.

रॅम्स हा त्याचा परीक्षकच झाला. सिअॅटलने मार्च २०२५ मध्ये तीन वर्षांसाठी १० कोटी ५ लाख डॉलरचा करार केला. आक्रमणाचा प्रशिक्षक तेव्हा क्लिंट कुबिअॅक, जो सॅन फ्रान्सिस्कोत २०२३ मध्ये त्याच्याच सोबत होता. म्हणजे गाव नवीन, भाषा ओळखीची. नोव्हेंबरमध्ये रॅम्सविरुद्ध चार इंटरसेप्शन, २१-१९ हार. त्या रात्री आमच्याकडे बायको म्हणाली, "झालं तुझ्या वहीचं." डिसेंबरमध्ये पुन्हा रॅम्स, जादा वेळेत ३८-३७ विजय. जानेवारीत कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यात परत रॅम्स : ३४६ यार्ड, तीन टचडाऊन, ३१-२७ विजय. सुपर बोलमध्ये समोर कोण, तर पॅट्रियट्स. २९-१३ विजय. डार्नल्डचे २०२ यार्ड, इंटरसेप्शन एकही नाही. तो सामना त्याने जिंकून दिला असं म्हणणार नाही. बचावाने आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या केनेथ वॉकरने जिंकला. त्याने घालवला नाही, आणि २०१९ नंतर माझ्या लेखी तेच पुष्कळ.

बाराव्या सामन्यात मी जानेवारीचा तो रॅम्सविरुद्धचा सामना घेतलाय. अर्धाच झालाय, पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. रॅम्सचा माणूस अंगावर येतो तेव्हा डार्नल्ड आता एक पाऊल पुढे टाकतो, दोन जणांच्या मधल्या फटीत, आणि तिथून फेकतो. अडवणाऱ्यांची लाइन धक्के खात असते, तरी हा पुढे. ते पाऊल मी चौकट-चौकट करून मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, एवढंच?" हो, एवढंच.

मग आता मूळ प्रश्न. नव्याने संधी द्यावी का? लायकीचा विचार मी सोडून दिलाय. दुसरे क्वार्टरबॅक बघा : बेकर मेफिल्डला क्लीव्हलँड, कॅरोलायना, रॅम्स असं फिरून टँपात जम बसला. जिनो स्मिथ वर्षानुवर्षं बाकावर बसला आणि २०२२ मध्ये सिअॅटलमध्ये ४,२८२ यार्ड करून गेला. उलट कार्सन वेन्ट्झला इंडियानापोलिस आणि वॉशिंग्टन, दोन्हीकडे लगेच मुख्य म्हणून उभं केलं आणि दोन्हीकडे एकाच वर्षात गाशा गुंडाळावा लागला. जुन्यात बघायचं तर स्टीव्ह यंग : टँपात सुरुवातीपासून खेळलेले १९ सामने, तीन विजय, मग १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, क्वार्टरबॅक जो मॉन्टॅनाच्या मागे चार वर्षं, आणि पुढे सुपर बोल विजेता.

'मागे बसवा' हाच उतारा, असं लिहून मी मोकळा होणार होतो. मग झॅक विल्सन आठवला. डार्नल्डच्याच जागी आमच्या जेट्सनी २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. २०२४ मध्ये तो डेन्व्हरला गेला, पूर्ण हंगाम बसला, एकही पास नाही. तिथून मायामी, पुन्हा राखीव. नुसतं बसून उपयोग असता तर बाकावरचा प्रत्येक जण स्टीव्ह यंग झाला असता. त्यामुळे वहीत पाचवा रकाना घातलाय : कुणाच्या मागे बसला, आणि नंतर ज्याच्याकडे गेला तो प्रशिक्षक तीच भाषा बोलतो का. डार्नल्डचा हा रकाना भरताना पेन अडलं नाही. विल्सनचा रिकामा आहे.

पुढचा खेळाडू अँथनी रिचर्डसन घ्यायचं ठरवलंय. कोल्ट्सचा २०२३ चा चौथ्या क्रमांकाचा निवडलेला. कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त १३, २०२४ मध्ये पूर्ण पासांचं प्रमाण ४७.७ टक्के, आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेतली डॅनियल जोन्सने, जो स्वतः जायंट्सनी सोडल्यावर मिनेसोटात काही आठवडे बसून आला होता. पहिला सामना ह्यूस्टनचा, ऑक्टोबर २०२४, जिथे थकलो म्हणून तो एक डाव (चेंडूची एकच खेळी) बाहेर गेला आणि त्यावरून त्याला बाकावर बसवलं. त्या डावाच्या आधीच्या खेळीत तो किती पळालाय ते मला मोजायचंय. कुणाकडे चौकट मोजण्यासाठी माझ्या लॅपटॉपपेक्षा बरं काही असेल तर सांगा; माझ्याकडे बाणाचं बटण झिजून ढिलं झालंय, दोनदा दाबलं की तीन चौकटी पुढे जातो.