उद्घाटन इथं, गर्दी तिथं

चित्रांना फ्रेमा करून द्यायच्या आणि प्रदर्शनाला जाऊन त्या टांगायच्या, हा माझा धंदा. त्यामुळे काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत सारखं जाणं-येणं. तिथली प्रदर्शनं मंगळवारी लागतात, सोमवारी उतरतात. 31 मार्च 2015 हा नेमका मंगळवार, आणि गॅलरीतल्या ‘समोवार’ रेस्टॉरंटचा तो शेवटचा दिवस.

माझ्याकडे कोल्हापूरच्या एका चित्रकाराचं काम होतं. जहांगीरची तारीख मिळवताना माणसाचे केस पिकतात. याची एकदाची लागली होती. दुपारी बघतो तर लॉबी माणसांनी फुललेली. गडी हरखला, झब्बा सारखा करून दारात उभा राहिला. माणसं त्याच्याकडे बघून हसायची आणि सरळ पुढे निघून जायची.

“काका, ही सगळी तिकडं कुठं निघालीत?”

“चहाला, सर.”

1964 मध्ये उषा खन्ना यांनी गॅलरीच्या व्हरांड्यात हे रेस्टॉरंट काढलं. जागा रेल्वेच्या डब्यासारखी, लांबट आणि चिंचोळी. पलीकडे म्युझियमची हिरवळ. अनवाणी हुसेन इथे बसायचे, श्याम बेनेगल यायचे, नाटकवाले, पत्रकार, वकील. आणि शेजारच्याच टेबलावर जे.जे.चं एखादं पोरगं एका चहावर दुपार काढायचं. त्याला कुणी उठवत नसे. भारी हॉटेलात बडी मंडळी जातात ती दिसायला. इथे ती खपून जायची, म्हणून यायची, असं माझं मत.

जागेवरून गॅलरीशी बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली आणि अखेर समोवारला जागा सोडावी लागली. जागा गॅलरीची, हक्कही तिचाच, ते मान्य. पण पराठा खायला आलेला माणूस जाता-जाता दोन भिंतींवर नजर टाकायचा, हे कुठल्या कागदावर मांडणार?

संध्याकाळपर्यंत रांग आमच्या दाराशी आली. म्हटलं, सर, तुमची म्हैस इकडे घेऊ. डबक्यात बसलेल्या म्हशीचं ते सगळ्यांत मोठं चित्र आतल्या भिंतीवर होतं. दोघांनी धरून उतरवलं, हूक काढले, दारासमोरच्या भिंतीवर चढवलं. डावा कोपरा बोटभर खाली गेला होता, तो दोरी आवळून वर घेतला. तोवर रांगेतल्या माना वळायला लागल्या होत्या. एक बाई तर रांग सोडून आत आल्या. चष्मा वर करून चित्राच्या अगदी जवळ गेल्या. याने श्वास रोखला.

“फ्रेम कुठे केलीत हो?”

मी कार्ड दिलं. चित्रकार माझ्याशी अर्धा तास बोलला नाही.

मग मीच त्याला ओढून रांगेत नेलं. आत बसायला मिळालं तोवर खिमा पराठे संपले होते. पुदिना चहा तेवढा मिळाला. त्याने एक घोट घेतला, कपात वाकून बघितलं.

“बरा आहे. पण आमच्याकडं पुदिना चटणीत घालतात.”

आणि दुसरा मागवला.